युद्धनौकेवरचा फोटोग्राफर दाखवू की चार पोरांचा बाप? (वेन मिलरवर बोलायचंय)

गोदाकाठचा_संद्या

मंडळी, १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन. नाशकातल्या आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या टोळक्यात दरवर्षी त्या दिवशी कुणीतरी एका फोटोग्राफरवर तासभर बोलतं. यंदा ती माळ माझ्या गळ्यात पडली आहे आणि मी वेन मिलर निवडला आहे.

नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून थोडी माहिती देतो. जन्म १९१८, शिकागो. वडील डॉक्टर. कॉलेजात बँकिंग शिकता शिकता कॅमेऱ्याच्या नादी लागला. १९४२ मध्ये जोनशी लग्न झालं आणि त्याच सुमाराला अमेरिकी नौदलात गेला. एडवर्ड स्टायकन या ज्येष्ठ फोटोग्राफरने नौदलासाठी निवडक पोरांची एक छोटी तुकडी बांधली होती, तिच्यात याची वर्णी लागली. पॅसिफिकमधल्या विमानवाहू नौका, इटली, फिलिपिन्स, अध्यक्ष रूझवेल्ट यांची अंत्ययात्रा आणि सप्टेंबर १९४५ मधलं हिरोशिमा, सगळं याने टिपलं. युद्धानंतर शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत दोन-तीन वर्षं काम केलं. पुढे मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेचा सदस्य आणि १९६२ ते ६६ अध्यक्ष.

आणि मग घर. जोन, चार मुलं, कॅलिफोर्नियातलं ऑरिंडा नावाचं गाव. या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःच्याच पोरांचे फोटो काढले.

तर प्रश्न असा की तासाभरात दाखवायचं काय? आमच्यातले दोन ज्येष्ठ म्हणतात, "पोरांचे फोटो काय, आम्हीपण काढतो. युद्ध दाखव." मला उलट वाटतं. तुमचं मत द्या.

ढोल्या

युद्ध दाखव भो. पोरांचे फोटो बघायला फॅमिली ग्रुप आहे ना, पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासकट सुरू होतो.

मुग्धा_पंडित_कॉलनी

ढोल्या, हसून हसून पुरेवाट. पण एक सांगते. मिलरच्या मुलाचा, डेव्हिडचा, जन्म १९४६ चा. बाळंतपण केलं ते मिलरच्या डॉक्टर वडिलांनी, म्हणजे बाळाच्या आजोबांनी, आणि बाप खोलीत कॅमेरा घेऊन उभा. त्या काळात बायको आत आणि नवरा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतोय हीच रीत होती, तिथेही आणि इथेही. तो फोटो १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'फॅमिली ऑफ मॅन' प्रदर्शनात लागला. स्टायकननेच भरवलेलं ते प्रदर्शन, आणि निवडीच्या कामात मिलर त्याचा उजवा हात होता. पुढे १९७७ मध्ये व्हॉयेजर या अमेरिकी अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी ठेवली, तिच्यावरच्या ११६ चित्रांत तो फोटो आहे. म्हणजे तुम्ही ज्याला 'पोरांचे फोटो' म्हणताय त्यातला एक आज सूर्यमालेच्या बाहेर आहे.

चष्मिष्ट

सूर्यमालेच्या बाहेर नाही हो ताई. व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये हेलिओस्फिअर, म्हणजे सौरवाऱ्याचा फुगा, ओलांडलं. सूर्यमालेच्या कडेचा ऊर्टचा मेघ ओलांडायला अजून हजारो वर्षं लागतील.

मुग्धा_पंडित_कॉलनी

बरं बाबा, सूर्यमालेच्या अंगणात आहे. अजून फाटक लागायचंय.

देवळालीकर_नाना

संदीपराव, विषय काढलात म्हणून लिहितो. १९७१ साली मी विक्रांतवर होतो, इंजिनरूमला. आमच्या एका बॉयलरचं दुखणं तेव्हाचं प्रसिद्ध आहे. त्यापायी वेगावर मर्यादा आली होती. अंदमानच्या बाजूला दडून बसायचं आणि हुकमाची वाट बघायची. मग ४ डिसेंबरला आमच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. हे सगळं पुस्तकांत आहे, मी वेगळं काय सांगणार? मी त्या दिवशी आकाशसुद्धा पाहिलं नाही. विमान सुटलं की डोक्यावर कॅटापल्टचा (विमान डेकवरून फेकणाऱ्या यंत्राचा) दणका बसायचा, तेवढ्यावरून मोजत होतो.

युद्ध म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. वॉच संपला की बंकवर पडायचं, पत्र लिहायचं. मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर घरून पत्रं यायची, तीही चार-चार एकदम. आधीचं नंतर आणि नंतरचं आधी वाचलं जायचं. 'बाळाचा ताप उतरला' हे पहिल्या पत्रात आणि 'बाळाला ताप आहे' हे तिसऱ्या पत्रात.

जहाजावरचे जे फोटो छापून येतात त्यांत विमान, तोफा, फार तर कॅप्टन. खालचा माणूस नसतो. स्टायकनच्या पोरांनी तो काढला. जहाजं आणि विमानं जुनी होतील, माणूस जुना होणार नाही, तेव्हा माणूस बघा, अशी त्याची आपल्या लोकांना शिकवण होती. भरती झाला तेव्हा त्याचं स्वतःचं वय ६२! आणि तो काही कार्यालयात बसून हुकूम सोडणारा नव्हता. ४ डिसेंबर १९४३ च्या रात्री लेक्झिंग्टन या विमानवाहू नौकेला टॉर्पेडो बसला तेव्हा हा म्हातारा जहाजावर होता. (आपला नौदल दिन ४ डिसेंबरलाच, हा केवळ योगायोग.)

म्हणून म्हणतो, 'युद्ध की घर' हे वाटे पाडू नका. झोपलेला खलाशी आणि झोपलेलं पोर हे फोटो एकाच माणसाने काढलेत.

फिल्मरोल

नानांना दंडवत. _/\_

तरी युद्धातला एक फोटो दाखवायलाच हवा. ५ नोव्हेंबर १९४३, रबाउल. जपानचा मोठा तळ. साराटोगा आणि प्रिन्स्टन या दोन नौकांवरून हल्ला झाला. साराटोगाचं एक अ‍ॅव्हेंजर विमान परतलं ते एका चाकावर. फ्लॅप नाहीत, रेडिओ बंद, अंगाची चाळण. चालवत होता कमांडर कॉल्डवेल. मागच्या बुरुजातला गनर केनेथ ब्रॅटन जखमी होता. त्याला वर ओढून काढतायत तो क्षण मिलरने डेकवरून टिपला आहे. चार-पाच जणांचे हात आणि मधे ते लोंबकळणारं शरीर.

त्या विमानात एक फोटोग्राफरही होता, पॉल बार्नेट. तो मेला. त्या जागेवर मिलर जायचा होता, ऐनवेळी बार्नेट गेला. मुग्धाताईंनी सांगितलेला डेव्हिडच्या जन्माचा फोटो त्यानंतर तीन वर्षांच्या आतला. हे दोन लागोपाठ लावा आणि गप्प बसा, भाषणाची गरज नाही.

ढोल्या

अंगावर काटा आला. माझा पहिला प्रतिसाद कुणी वाचला नाही असं समजा.

तिरका

सगळे भारावलेत म्हणून मी जरा पाणी टाकतो.

एक, 'कुटुंबवत्सल' हा शब्द फार स्वस्तात वाटला जातोय. बाप दिवसभर कॅमेरा डोळ्याला लावून पोरांच्या मागे फिरतो, यात पोरांचा बाप किती आणि फोटोग्राफर किती? पोरगं रडतंय तेव्हा त्याला उचलायचं की फोकस करायचं? आणि त्या चार पोरांना कुणी विचारलं होतं का? जोनला कुणी विचारलं? बाळंतपणाचा फोटो जगभर लागला, त्यात वेदना कुणाच्या होत्या?

दोन, ते 'फॅमिली ऑफ मॅन'. ५०३ फोटो, ६८ देश, सगळी माणसं जन्मतात, खेळतात, लग्न करतात, मरतात, सगळे भाऊ भाऊ. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने तेव्हाच याची सालटी काढली होती: जन्म-मृत्यू सगळीकडे सारखे असं म्हणून बाळ कुठल्या परिस्थितीत जन्मलं आणि माणूस कशाने मेला हे तुम्ही झाकून टाकता. पॅसिफिकमध्ये जपान्यांशी लढाई, नंतर हिरोशिमा, आणि दहा वर्षांत 'आपण सगळे एक कुटुंब'? मला हे पचत नाही.

मुग्धा_पंडित_कॉलनी

तिरका, दुसऱ्या मुद्द्याला अर्धी सहमत. पण त्या प्रदर्शनात हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाचा भलामोठा रंगीत फोटो होता, बाकी सगळं कृष्णधवल असताना. म्हणजे झाकपाकच केली असं नाही म्हणता येणार. शिवाय मिलरचं शिकागोचं काम बघा. एकाच शहरात राहून गोऱ्यांना ज्या वस्तीतलं काही माहीत नव्हतं तिथे तो गेला, गुगेनहाइम शिष्यवृत्ती दोनदा मिळवून. 'सगळे सारखे' म्हणून घरी बसला नाही.

हे प्रदर्शन १९५६ मध्ये मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीतही आलं होतं. नाशकातून तेव्हा कुणी बघायला गेलं असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

शरयू_जेलरोड

तिरकाच्या पहिल्या मुद्द्यावर बोलते, कारण मी फोटोग्राफरची मुलगी. वडिलांचा स्टुडिओ होता. नवीन लाइट आणला की चाचणी आमच्यावर. "हनुवटी खाली, डोळे वर, हलू नको." धाकटी बहीण तर स्टूल दिसलं की पळायची, आजही लग्नाच्या ग्रुप फोटोत ती सर्वांत मागे, कुणाच्या तरी खांद्याआड असते. आमचे फोटो उत्तम आहेत, स्टुडिओच्या काचेत लागलेले होते. पण ते आमचे नाहीत, ते लाइटचे आहेत.

मिलरचे घरचे फोटो मी पाहिलेत. त्यात कुणी हनुवटी खाली करून बसलेलं नाही. पोरं भांडतायत, कंटाळलीत, शेंबूड पुसायचा राहिलाय. म्हणजे एकतर त्या पोरांना कॅमेऱ्याची सवय झाली होती, नाहीतर तो बाप कॅमेऱ्याशिवायही त्यांच्यात बसत होता. पहिली शक्यता तिरकाची, दुसरी माझी. पुरावा दोघांकडेही नाही.

तिरका

शरयूताई, मान्य. 'ते लाइटचे आहेत' हे मात्र मी चोरणार.

पाथर्डीफाटा

नाशिकच्या धाग्यावर दादासाहेब फाळके अजून कसे आले नाहीत? कॅमेरा आणि घरदार एकत्र नांदवणारा आपला माणूस! जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला. तिथेच प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त रोहिदास झाला त्यांचाच मुलगा भालचंद्र. नंतर बाळकृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. आणि दुसरी बायको सरस्वतीबाई? दागिने गहाण ठेवायला दिले, फिल्मला भोकं पाडली, ती धुतली, वर सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक केला. पडद्यावर त्यांचं नाव कुठे होतं?

तिरकाने जोनबद्दल जे विचारलं ते आधी आपल्या घरात विचारायला हवं. फाळके १९४४ च्या फेब्रुवारीत नाशकातच गेले, जवळपास विस्मरणात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे, तिथे सरस्वतीबाईंबद्दल किती जण विचारतात?

सातपूरचा_सुत

अवांतर विचारतो. आजोबांची जुनी निगेटिव्ह ट्रंकेत सापडली आहेत. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येतो. काही वाकडी झालीत. टाकून द्यावीत का?

फिल्मरोल

अजिबात टाकू नका! तो व्हिनेगरचा वास आहे. जुनी फिल्म अ‍ॅसिटेटची असते, ओल आणि उष्णतेने ती कुजते आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. एकदा सुरू झालं की आपोआप वेग घेतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागण होते. त्यामुळे आधी वासाची वेगळी करा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा. नाशकाच्या पावसाळ्यात लोखंडी ट्रंक म्हणजे शत्रू. कोरडी, थंड जागा बघा आणि जी अजून सपाट आहेत ती आधी स्कॅन करून घ्या. वाकडी बळजबरीने सरळ करायला गेलात तर वरचा थर तडकेल.

आणि कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं आहे का बघा. असेल तर अ‍ॅसिटेट. नसेल आणि फिल्म फार जुनी असेल तर नायट्रेटची शंका घ्या. ती भडकन पेटते, घरात ठेवू नका, जाणत्याला दाखवा. जगभरातला मूकपटांचा केवढा तरी ठेवा असल्याच फिल्मपायी गेला.

सातपूरचा_सुत

'सेफ्टी' आहे. धन्यवाद दादा! एकात आजी विहिरीवर हसताना आहे. आजीला हसताना घरात कुणी पाहिलेलं नाही.

राजू_सिडको

धागा वाचला नाही, पण मिलर मस्त खेळायचा. ऑस्ट्रेलियाचा ना?

चष्मिष्ट

तो कीथ मिलर. तोही युद्धात होता, वैमानिक म्हणून. हा वेन. आता वरून वाचायला घ्या.

कोर्टाच्या_पायरीवर

संदीपभाऊ, कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मिलरने नौदलात असताना काढलेले फोटो हे अमेरिकी सरकारी काम, त्यामुळे त्यांच्यावर प्रताधिकार नाही. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून उतरवून घ्या आणि खुशाल दाखवा. घरचे आणि शिकागोचे फोटो मात्र त्याचे खाजगी, हक्क कुटुंब आणि मॅग्नमकडे. आपल्या १९५७ च्या कायद्यात समीक्षेसाठी वापराची सवलत आहे (कलम ५२). बोलता बोलता मोजके दाखवलेत तर हरकत नसावी. पण मोठे प्रिंट काढून प्रदर्शन लावू नका, तिकीट तर नकोच. आणि पोस्टरवर डेव्हिडच्या जन्माचा फोटो टाकायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

गोदाकाठचा_संद्या

सगळ्यांचे आभार. पोस्टरवर तोच टाकणार होतो, वाचलो.

वकीलसाहेबांचं वाचून राष्ट्रीय अभिलेखागाराचे नौदलाचे फोटो परत चाळले. त्यात मिलरचा एक सापडला: ऑगस्ट १९४४, इटलीतलं नेपल्स. एक लहान मुलगा आपल्या एका पायाच्या सवंगड्याला रस्ता ओलांडायला मदत करतोय. यात तोफ नाही, जहाज नाही, गणवेश नाही. काढला मात्र नौदलाच्या पगारावर, आणि तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरात डेव्हिड यायला अजून दोन वर्षं होती. हा युद्धाचा फोटो की पोरांचा, तुम्हीच ठरवा. आमच्या ज्येष्ठांना दाखवला. एक म्हणाले, "हा चालेल." दुसरे म्हणाले, "हा युद्धात मोडतो." म्हणजे दोघांचंही म्हणणं राहिलं.

तर क्रम असा ठरवतोय: साराटोगावरचा गनर, जहाजावरची झोपलेली-वाट बघणारी पोरं (नाना, हे तुमच्यामुळे), नेपल्स, मग सपाट झालेल्या हिरोशिमातून चालत जाणारा जपानी सैनिक, आणि त्यानंतर थेट ऑरिंडाचं घर. शिकागोला वेळ पुरत नाही, त्याचं वाईट वाटतंय.

मुग्धा_पंडित_कॉलनी

शिकागो गाळू नकोस. युद्धानंतर तो थेट घरात शिरला असं खोटं चित्र उभं राहील. हिरोशिमा पाहून आलेला माणूस पहिल्यांदा शेजारच्या वस्तीत गेला, हे महत्त्वाचं आहे. हवं तर जहाजावरचे दोन कमी कर. नाना रागावणार नाहीत.

देवळालीकर_नाना

नाही रागावणार. फक्त इंजिनरूमचा असला तर तेवढा कापू नका.

पिंपळगावचा_बागायतदार

मिलरबद्दल एक वेगळीच गोष्ट वाचली होती. सत्तरच्या दशकात त्याने धंद्याची फोटोग्राफी सोडली आणि झाडांच्या मागे लागला. १९५८ मध्येच मेंडोसिनो भागात रेडवुडचं रान घेतलं होतं. तेव्हा कॅलिफोर्नियात उभ्या झाडांवर दरवर्षी कर लागायचा. आमच्या द्राक्षबागेवर माल न काढताच दरसाल कर लावला तर आम्ही काय करू? तोडून मोकळे होऊ. तिथले रानमालक तेच करत होते. १९७६ मध्ये तो कायदा बदलला आणि कर लाकूड तोडल्यावर लागू झाला. मिलर असल्या करांविरुद्ध झगडणाऱ्यांपैकी, छोट्या रानमालकांच्या संघटनेचा संस्थापकही. २०१३ मध्ये ९४ व्या वर्षी गेला. जोनशी संसार सत्तर वर्षांचा. ते रान पोरांसाठीच राखलं असणार, फोटोंपेक्षा मला हे बापाचं काम वाटतं.

तिरका

बागायतदार, तुम्ही एकट्याने मला निम्मा वळवलात. उरलेला निम्मा १९ तारखेला प्रश्नोत्तरांत भेटेल. संद्या, जोनबद्दल तयारी करून ये. 'ती भक्कमपणे पाठीशी उभी होती' हे वाक्य म्हणालास तर मी उठून जाईन.

शरयू_जेलरोड

मीपण येतेय. बहिणीलाही आणते. फोटो मात्र काढू नका तिचा.

ढोल्या

कार्यक्रम कुठे आणि किती वाजता, हे या एवढ्या लांबलचक धाग्यात एकाही माणसाने लिहिलेलं नाही.

गोदाकाठचा_संद्या

संध्याकाळी सहा. हॉलचं आज-उद्या नक्की होईल, इथेच टाकतो. पावसाचा भरवसा नाही, तेव्हा गंगापूर रोडकडून येणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघा.